तिरोड्याचे अँपिअरवाले

रविवारी सकाळी चार शहाणी माणसं रिकाम्या पटांगणात जमली, प्रत्येकाच्या हातात रिमोट असला आणि प्रत्येकाला आपलाच आकडा खरा वाटत असला, की किस्से शोधायला जावं लागत नाही. आमच्या गाड्या मोडल्या, बॅटऱ्या फुगल्या, टायर झिजून गुळगुळीत झाले; किस्से तेवढे शाबूत आहेत. परवा मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही तिथं नेमकं करता काय?" मी सांगायला बसलो, ते ताटातली भाजी गार झाली तरी संपेना. बायको म्हणाली, "लिहून तरी काढा, आमची सुटका होईल." म्हणून हे.

आधी माणसं सांगतो. मी तिरोड्याजवळच्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो, म्हणून मी 'मास्तर'. मेश्राम सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले, म्हणून ते 'सर'. या दोन शब्दांतला फरक सर कधी विसरत नाहीत, मलाही विसरू देत नाहीत. तिसरे कापगते भाऊ. धानाची शेती, एक जीप आणि कोणतीही वस्तू उघडून पाहायची खाज. चौथा पप्पूभाई. गोंदियात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, बोलणं हिंदी, आणि जगातली कुठलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू चार दिवसांत मागवून द्यायची तयारी.

जागा म्हणजे भाऊंच्या ओळखीच्या एका राइस मिलमागचं धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण. रविवारी मिल बंद. तिथं आम्ही रिमोटवर चालणाऱ्या बॅटरीच्या गाड्या पळवतो. पोरांच्या खेळण्यातल्या नव्हेत हं! हातभर लांब, स्कूटरला मागं टाकतील अशा.

आणि त्या गाड्यांत असतो डेटा लॉगर. सगळ्या भांडणांचं मूळ. काडेपेटीएवढी डबी, बॅटरी आणि मोटरच्या मधे लावायची. गाडी पळताना किती अँपिअर करंट गेला ते ती लिहून ठेवते आणि मग मोबाईलवर दाखवते. दाखवते ते खरं असतं का, हा आमच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न!

*

पहिला लॉगर पप्पूभाईनं आणला आणि कापगते भाऊंनी स्वतःच्या हातानं गाडीत बसवला. एक फेरी मारली. मोबाईलवर आकडा आला, उणे अठ्ठावीस अँपिअर.

भाऊंनी तो आकडा दोनदा वाचला. मग टोपी काढून डोकं पुसलं. "मास्तर, मायनस म्हणजे करंट उलटा जाऊन राहिला ना?"

"हो."

"म्हणजे माही गाडी बॅटरीतून करंट घेऊन नाई राहिली. बॅटरीले देऊन राहिली!"

मेश्राम सर शांतपणे म्हणाले, "भाऊ, डबी उलटी लावली आहे तुम्ही."

"उलटी असो का सुलटी जी, मायनस हाय का नाई?"

भाऊ ऐकेनात. जितकी पळेल तितकी बॅटरी भरेल, या हिशेबानं त्यांनी गाडी गोल गोल पळवायला सुरुवात केली. मिलचा चौकीदारही येऊन बसला. बाराव्या मिनिटाला गाडी कण्हली आणि जागच्या जागी उभी राहिली. बॅटरी ठार रिकामी.

आम्ही तिघंही भाऊंकडे पाहू लागलो. भाऊंनी गाडी उचलली, बॅटरीला हात लावला, ती चांगलीच तापली होती. म्हणाले, "भरून भरून थकली असन!"

*

दुसऱ्यावर हसलो की स्वतःचंही सांगावं लागतं.

लॉगरवर माझा विश्वास नव्हता. मी म्हटलं, आपण ट्रेडचा माणूस, आपला क्लॅम्प मीटर आणतो. या मीटरला खेकड्यासारखा चिमटा असतो. वायर कापावी लागत नाही, चिमटा वायरभोवती धरला की करंट दिसतो. अट एकच. चिमट्यात एकच वायर पाहिजे. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी आत घेतल्या, तर दोघींचा परिणाम एकमेकींना खाऊन टाकतो आणि मीटर शून्य दाखवतं. हे वाक्य मी वीस वर्षं फळ्यावर लिहून देत आलोय. परीक्षेत हमखास विचारतो!

तर सरांनी गाडी हातात उचलून धरली, चाकं हवेत, मोटर फुल स्पीडनं भणभणतेय. लॉगर म्हणतो नऊ अँपिअर. मी चिमटा लावला. शून्य.

"पाहा!" मी म्हटलं. "तुमचा लॉगर खोटं बोलतो. करंट नाहीच!"

पप्पूभाई घाबरला. त्यानंच आणलेला लॉगर होता. मी मात्र रंगात आलो होतो. स्वस्तातल्या वस्तू, बाहेरचा माल, कॅलिब्रेशन कसं नसतं, यावर पाच मिनिटं बोललो. सर गाडी धरून ऐकत होते. चाकं फिरतच होती.

माझं संपल्यावर सर म्हणाले, "मास्तर, करंट शून्य आहे तर ही गाडी काय श्रद्धेवर पळते?"

मी खाली पाहिलं. भाऊंनी दोन्ही वायरींना मिळून काळा टेप गुंडाळला होता, आणि माझा चिमटा त्या टेपवर ऐटीत बसला होता.

त्या वर्षीच्या परीक्षेत मी तो प्रश्न विचारला नाही.

*

मग प्रत्येकाचा लॉगर वेगळा झाला आणि खरी मजा सुरू झाली. एकाच गाडीत, एकाच बॅटरीवर, सरांच्या लॉगरनं सुटतानाचा सर्वांत मोठा करंट दाखवला एकसष्ट अँपिअर. भाऊंच्या लॉगरनं अडतीस.

भाऊ म्हणाले, "काऊन? माह्या डबीले कमी दिसते का?"

"दिसतं व्यवस्थित," सर म्हणाले. "पण ती अर्ध्या सेकंदातून एकदाच डोळे उघडते. माझी सेकंदाला शंभर वेळा उघडते. याला सँपल रेट म्हणतात. गाडी सुटते तेव्हा करंट क्षणभर उसळतो आणि खाली येतो. तुमच्या डबीचे डोळे त्या वेळी मिटलेले असतात."

भाऊंना पटेना. सरांनी शिकवण्याचा सूर लावला. "नागझिऱ्यात गेलात. जिप्सीत बसलात. डोळे मिटून घेतले आणि दर अर्ध्या तासानं एकदा उघडले. वाघ रस्ता ओलांडून गेला, तर दिसेल?"

"नाई."

"म्हणजे वाघ नव्हता का?"

भाऊंनी टोपी सारखी केली. तेवढ्यात मागं बसलेला पप्पूभाई एकदम उभा राहिला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की जणू कोणी त्याच्या मनावरचा दगड काढला. "सर! मैं छह बार नागझिरा गया, एक बार भी शेर नहीं दिखा. घरवाले बोलते हैं मेरा नसीब खराब है. नसीब नहीं सर, मेरा सँपल रेट कम है!"

*

आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत असेलच. उन्हात ठेवलेली बादली हातानं उचलता येत नाही. तर एका मे महिन्यात भाऊंचा लॉगर गाडी बंद असताना तीन अँपिअर दाखवायला लागला. गाडी उभी, मोटर थंड, स्विच बंद, आणि करंट तीन!

सरांनी निदान केलं. उष्णतेनं आतल्या भागांची मापं बदलतात, शून्य जागेवरून सरकतं. "थंड जागी ठेवून पाहा," म्हणाले.

भाऊ आज्ञाधारक माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बैठकीतल्या कूलरसमोर स्टूल ठेवलं आणि स्टुलावर लॉगर. एक तास ठेवायचा, मग शून्य तपासायचं, असं ठरवून ते शेजारी वही घेऊन बसले. आणि नेमकी त्याच दुपारी त्यांच्या पोरीला पाहायला साकोलीकडची मंडळी आली. यायची होती संध्याकाळी, आली दोन वाजता.

बैठकीत एकच कूलर. त्याच्यासमोर स्टूल. पाहुणे भिंतीला टेकून घाम पुसताहेत. सुशीलावहिनींनी पाणी आणलं, ते दृश्य पाहिलं आणि नवऱ्याला दारामागं बोलावून म्हणाल्या, "पाव्हणे घामात अन् डबी गारव्यात! लाज हाय का नाई तुमाले?"

"पंधराच मिनटं राहिले वं," भाऊ कळवळून म्हणाले.

बाहेर मुलाचे वडील त्या स्टुलाकडे टक लावून पाहत होते. भाऊ परत आल्यावर त्यांनी विचारलं, "हे काय हाय जी?"

भाऊंना थोडक्यात सांगायचं होतं. म्हणाले, "याले गर्मी सहन होत नाई."

मुलाच्या वडिलांनी मान हलवली आणि हवा अडू नये म्हणून स्वतःची खुर्ची जरा बाजूला घेतली! पंधरा मिनिटांनी भाऊंनी वहीत 'शून्य' लिहिलं, डबी रुमालात गुंडाळून आत नेली आणि मग कुठं कांदेपोहे आले.

सोयरीक जुळली. लग्नात मुलाचे वडील मला स्वतः म्हणाले, "मास्तर, आमाले त्याच दुपारी घर पसंत पडलं. जो मानूस एका डबीले इतका जपते, त्यानं पोरगी किती जपली असन!"

*

मेश्राम सरांचा एक विषय आहे, अंधश्रद्धा. अंगारे, गंडे, दोरे यांच्याविरुद्ध त्यांनी गावोगाव भाषणं दिलीत. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबून त्यांना शिकवलं, सर म्हणतात, "बाबांनी मला एकच इस्टेट दिली, प्रश्न विचारायची." त्यामुळं पप्पूभाईचं त्यांना सहन होईना.

झालं असं, की पप्पूभाईनं गाडी हातात घेतली की सरांच्या लॉगरचा आकडा दोन अँपिअरनं वाढायचा. खाली ठेवली की पुन्हा खाली. एक रविवार झाला, दोन झाले, तिसऱ्या रविवारी तर मिलच्या चौकीदारानं पप्पूभाईकडून डोक्यावर हात ठेवून घेतला!

"मुझ में कुछ तो है, सर," पप्पूभाई नम्रपणे म्हणाला.

सर पेटले. त्यांनी पप्पूभाईला भर पटांगणात उभं केलं. बूट काढायला लावले. मोबाईल, किल्ल्या, पाकीट, चष्मा, सगळं बाजूला. आकडा तरी वाढतोच. उजव्या हातानं धरली की वाढतो, डाव्या हातानं नाही. सरांचा चेहरा पडला. मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांची नजर पप्पूभाईच्या उजव्या मनगटावर गेली.

बीपीसाठी म्हणून त्यानं जत्रेतून एक कडं घेतलं होतं. आत चुंबकाचे तुकडे बसवलेलं.

"काढा!" सर ओरडले.

कडं निघालं, आकडा जागेवर आला. सरांच्या लॉगरमध्ये करंट ओळखणारा भाग चुंबकत्वावर चालतो. जवळ चुंबक आला की तो फसतो. सरांनी हे अर्धा तास समजावलं, सिमेंटवर खडूनं आकृती काढली, आणि शेवटी विजयी मुद्रेनं विचारलं, "काय कळलं?"

पप्पूभाईनं कडं उचलून कपाळाला लावलं, पुन्हा हातात घातलं आणि सरांच्या पायाला हात लावला. "सर, दुकानवाला बोला था असर करता है, मैंने नहीं माना था. आज आपने साबित कर दिया!"

*

आता जरा कडू भाग.

भाऊंनी सरांसारखाच नवा लॉगर मागवला. सेकंदाला शंभर वेळा डोळे उघडणारा. ऊन नाही, चुंबक नाही, सगळं सारखं. आम्ही जुन्या हेडलाईटचे नऊ बल्ब बॅटरीला जोडले, म्हणजे करंट स्थिर राहील, आणि दोन्ही लॉगर एकामागं एक त्याच वायरीत लावले. भर दुपारी नऊ हेडलाईट डोळे फाडून आमच्याकडे पाहताहेत आणि आम्ही मोबाईलकडे. सरांचा लॉगर एक्केचाळीस. भाऊंचा छत्तीस.

पाच अँपिअरचा फरक, आणि कारण काही सापडेना. माझा क्लॅम्प मीटर लावला (या वेळी एकाच वायरीला!) तर त्यानं तिसराच आकडा दिला. बल्ब काढल्यावर बॅटरी परत भरायला चार्जरला किती लागलं ते पाहिलं, त्यावरून चौथा निघाला.

दोघंही तापले होते. त्या तापात सर बोलून गेले, "शेतकऱ्याचं मोजणं म्हणजे अंदाज. बांधीत किती पाणी आहे हे पायानं सांगणारी माणसं तुम्ही."

भाऊंनी मोबाईल खाली ठेवला. त्यांचं कोहळी घराणं, पिढीजात तलाव बांधणारं, गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. खाली पाहत म्हणाले, "सर, त्या मानसांपाशी मीटर नोयता. पायानंच उतार पायला त्याईनं. अजून पानी उलटं नाई गेलं."

पप्पूभाई मधे पडला. "भाई, एवरेज निकाल लो, घर चलो."

"सत्याची सरासरी काढता येत नसते!" सर कडाडले.

"बरोबर बोलले सर!" भाऊ म्हणाले. आणि मग आपलं भांडण चालू असल्याचं आठवून त्यांनी तोंड फिरवलं.

ते तीन महिने बोलले नाहीत. रविवारी मात्र दोघंही न चुकता यायचे, दहा फुटांवर उभे राहायचे आणि निरोप माझ्यामार्फत.

"मास्तर, सरांले सांगा, त्याईची गाडी माह्या पायावर येऊन राहिली."

"मास्तर, भाऊंना सांगा, मग पाय काढा."

मला रात्री झोप लागेना असं नाही म्हणणार, पण रविवारची मजा गेली होती. सरांची बायको वारली तेव्हापासून ते घरी एकटेच असतात. भाऊंकडे रविवारी दुपारचं जेवण त्यांचं ठरलेलं असायचं, तेही बंद झालं. सुशीलावहिनी मात्र डबा भरून माझ्या हाती द्यायच्या. "सरांले द्या. अन् कोनं देल्ला ते सांगू नोका." सर डबा उघडायचे, भाजी ओळखायचे, आणि कोणी दिला ते विचारायचे नाहीत.

*

शेवटचा किस्सा सप्टेंबरातला. मी एक डाव टाकला. म्हटलं, गाडी राहू द्या, बोटीवर दोन्ही लॉगर लावू. पाण्यात बोट एकसारखा जोर लावते, एकदाच काय तो निकाल लागेल. भाऊंची रिमोटवरची बोट होती, अडीच फुटांची. दोन्ही डब्या त्यात बसवल्या. दोन्ही आपला आकडा रेडिओनं थेट मोबाईलवर पाठवणाऱ्या. चोरखमाऱ्याच्या तलावावर गेलो. पप्पूभाई सोबत गळ घेऊन आला होता. त्याला अँपिअरशी घेणं नव्हतं, मासे पाहिजे होते.

तलाव काठोकाठ. वारा सुटलेला, नागझिऱ्याच्या बाजूनं आभाळ काळं होत आलेलं. आम्ही बोट काढतो न काढतो तोच हाक आली, "ओ भाऊ! ओ जी!"

काठापासून दीडशे-पावणेदोनशे फुटांवर पाण्यात बुडालेल्या झाडाचं एक वाळकं खोड वर आलेलं होतं. त्याला मिठी मारून एक म्हातारा मासेमार बसलेला. झिबल त्याचं नाव. जाळं सोडवायला खोडावर चढला, डोंग्याची, म्हणजे होडीची, दोरी सुटली आणि वाऱ्यानं डोंगा दूर गेला. जन्मभर पाण्यात राहिलेला माणूस, पोहून आला असता. पण जाळ्यातल्या शिंगी माशानं त्याच्या पायात काटा मारला होता. पाय फुगून खांबासारखा झाला होता.

"चक्कर येऊन राहिली जी," तो ओरडला. "हात सुटन आता!"

भाऊंनी सदरा काढलाच होता. तर झिबलच ओरडला, "उतरू नोका! बेल हाय पान्यात, पाय गुततेत!" खरंच, मधल्या सगळ्या पट्ट्यात पाणवेली माजल्या होत्या. मोबाईलला रेंज नाही. दुसरा डोंगा पलीकडच्या गावात, गाडीनं गेलं तरी अर्धा तास.

सर भाऊंकडे वळले. माझ्याकडे नाही, थेट भाऊंकडे. "कापगते, बोट."

पुढचं सगळं आपोआप झालं. पप्पूभाईच्या गळाची बारीक दोरी बोटीच्या मागं बांधली. भाऊंच्या जीपमध्ये बोअरमधली मोटर उतरवायचा लांब नायलॉनचा दोर होता, तो गळाच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला जोडला. दोराला पाण्याचे दोन रिकामे कॅन, बुचं घट्ट लावून. बोटीनं दोरी झिबलपर्यंत न्यायची, त्यानं ओढून दोर घ्यायचा, कमरेला बांधायचा, कॅन धरायचे, आम्ही खेचायचं.

भाऊंनी रिमोट घेतला. सरांनी आपला मोबाईल धरला, भाऊंचा माझ्या हातात. बोटीची मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरची ताकद चाळीस अँपिअर. त्याच्या वर करंट गेला की तो जळणार, आणि दुसरा नव्हता.

"सत्तावीस," सर म्हणाले.

"चोवीस," मी म्हटलं.

निम्मं अंतर गेलं आणि बोट वेलीत शिरली. पंख्याला वेल गुंडाळायला लागली. आवाज जड झाला.

"चौतीस. सदतीस."

"तीस. तेहतीस."

मागं घेता येत नव्हती. घेतली असती तर आमचीच दोरी पंख्यात गेली असती. थांबवली असती तर वाऱ्यानं बोट बाजूला नेली असती. झिबलनं डोकं खोडावर टेकलं होतं. त्याचा एक हात सुटून खाली लोंबत होता.

"एक्केचाळीस," सर म्हणाले.

"छत्तीस," मी म्हटलं.

भाऊंचा अंगठा थबकला. ते पहिल्यांदाच मागं वळले. तीन महिन्यांत पहिल्यांदा सरांच्या डोळ्यात पाहून त्यांनी विचारलं, "सर, कोनता खरा?"

सरांनी आपल्या मोबाईलकडे पाहिलं. मग तो खिशात टाकला. वर्गात चाळीस वर्षं जपलेली त्यांची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "तुहाच खरा हाय रे कापगते! जाऊ दे! दाब!"

भाऊंनी पूर्ण दाबला. बोट कण्हली, वेल तोडत सरकली, पुन्हा अडकली, पुन्हा सुटली. माझ्या हातात एकोणचाळीस आला, मग चाळीस, मग मी वाचणंच बंद केलं. बोटीतून धुराची बारीक रेघ निघाली. आणि त्याच झटक्यात ती खोडाला जाऊन आपटली. झिबलनं हात घातला आणि तिला मानगुटीला धरावं तसं धरलं.

त्यानं दोर ओढून घेतला, कमरेला बांधला, बोट बगलेत मारली ("ठेव ना बे ती!" भाऊ ओरडले, पण त्यानं नाही ठेवली), कॅनना मिठी मारली आणि पाण्यात उतरला. आम्ही चौघांनी खेचलं. पप्पूभाई तर रडत रडत खेचत होता. वेली गळ्यात, पायात, कॅनला लटकलेल्या, अशा अवस्थेत झिबल काठाला लागला, आणि भाऊंनी त्याला पोरासारखा उचलला.

जीप तिरोड्याच्या दवाखान्याकडे सुटली. भाऊ चालवत होते, शेजारी सर. तीन महिन्यांनी दोघं एका सीटवर. सरांनी फक्त झिबलला पुसून ओला झालेला भाऊंचा सदरा घेऊन खिडकीत वाळायला धरला होता. मागं आमच्या दोघांच्या मधे झिबल, सुजलेला पाय पप्पूभाईच्या मांडीवर, आणि स्वतःच्या मांडीवर ती जळकी बोट. पाय ठणकत असणार, पण त्याचं सगळं लक्ष बोटीत. त्यानं ती उलटी केली, पंख्यातली वेल बोटानं काढली, दोन्ही डब्यांना हात लावून पाहिला.

"लहानशीच हाय," तो म्हणाला, "पन जोर लय हाय. हे करंट किती खाते जी?"

सरांनी खिडकीतला सदरा उलटा करून धरला.

भाऊंनी समोर रस्त्याकडे पाहत म्हटलं, "ते सरांले मालूम."

सर म्हणाले, "नाही, नाही. ते भाऊच सांगतील."

झिबलनं पप्पूभाईकडे पाहिलं. पप्पूभाई खिडकीबाहेर पाहू लागला. मग झिबलनं माझ्याकडे पाहिलं. मी बोटीकडे पाहत राहिलो. म्हाताऱ्यानं आम्हा चौघांवरून सावकाश नजर फिरवली आणि बोट हळूच छातीशी धरली.

"म्हंजे," तो म्हणाला, "तुमच्यातल्या कोनालेच मालूम नाई?"